दोनच्या भोंग्यानंतरचे दोन ठोके

“ठोका आला म्हणजे माणूस बरं हाय असं समजू नको हो, रीना,” नजमाचाची म्हणाली होती. “हात चालते तोवर मी ठोकीनच. मेली तरी एखादा ठोकून जाईन.”

रीना हसली होती. तेव्हा तिला सातवा महिना होता. हसलं की कुशीत कळ यायची, म्हणून एका हाताने पोट धरून आणि दुसऱ्या हाताने ‘पुरे’ अशी खूण करून ती हसली. चाचीच्या बोलण्यातलं निम्मं असंच असायचं, हसून सोडून द्यावं असं. हेही तिने त्यातच टाकलं.

गडचांदूरला त्यांची चार घरांची लाइन होती. वर टिनांचं छप्पर, मधे एका विटेची भिंत, समोर चौघांत मिळून एक नळ. चारातल्या दोन घरांना कुलूप होतं. तिसऱ्यात रीना आणि तिचा नवरा दिनेश, आणि त्याला लागून चौथ्यात नजमाचाची, एकटी. चुनखडीच्या खाणीत रोज दुपारी दोनला भोंगा व्हायचा आणि मग सुरुंग उडायचा. आवाज फार मोठा नसायचा, पण जमीन आतून हलल्यासारखी वाटायची आणि फळीवरची भांडी एकमेकांना लागायची. गावच्या बायांना त्याचं काही नव्हतं. भोंगा झाला की त्या गॅसवरचं दूध धरून ठेवत आणि सुरुंग झाला की अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे चालू करत.

रीना मात्र धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावची. तिथे भर दुपारी मोठ्यात मोठा आवाज म्हणजे पिकलेला बेल टिनावर पडल्याचा. लग्न होऊन इथे आली त्या पहिल्या आठवड्यात ती रोज दोन वाजता दोन्ही हात कानांवर धरून अंगणात पळायची. चौथ्या दिवशी चाचीने तिला दारातच अडवलं.

“काऊन पळतं बाप्पा रोज? घर पडत नाई. पडलं असतं तं माह्यं पैले पडलं असतं, माह्यं जुनं हाय.”

“मले भेव लागते चाची.”

“मंग असं कर. धडाका झाला का मी भितीले दोन ठोके देतो. तू बी दोन दे. झालं! तू हायेस, मी हावो. घाबराचं कायले?”

चाची शिवणकामाच्या लांब लाकडी पट्टीने ठोकायची. रीना पोळ्या लाटायच्या बेलण्याने. टक, टक. टक, टक. दोन वर्षांत घरी असताना एक दिवस चुकला नाही. मुलगी झाली, दिवू, आणि रीना दवाखान्यातून घरी आली, त्या दिवशी बेलणं दिनेशने धरलं होतं आणि त्याने चुकून तीन ठोके दिले. चाची भिंतीपलीकडून ओरडली, “पोट्टीचा एक धरून का दिनेश?”

चाचीचा नवरा हाफिजभाई टेलर होता. कामगारांचे गणवेश शिवायचा. तो गेल्यावर मशीन चाचीकडे राहिली. ती पिको, फॉल, ब्लाउज करायची. मुलगा मोहसीन चिमूरला, बसस्टँडमागे टायरचं दुकान, दुकानावरच घर. सून कहकशाँ एका शाळेत शिकवायची. दोघं बोलवायचे, पण चाची जायची नाही. “तिथी सुरुंग नाई,” म्हणायची. “दोन कधी वाजले समजतच नाई.”

रीना चंद्रपूरला होस्टेलवर राहून बी.ए. झालेली. होस्टेलच्या नऊ मैत्रिणींचा तिने एक ग्रुप केला होता, नाव ठेवलं ‘दुपारची पिक्चर’. सुरुवातीला फक्त कोणी कोणता सिनेमा पाहिला, कोणी कोणतं पुस्तक वाचलं एवढंच. मग कोणाची जाऊ आली, कोणाची मास्तरीण आली, आणि बघता बघता राजुरा, मूल, चिमूर, आरमोरी, वडसा मिळून दीडशे बाया झाल्या. रीना आठवड्यातून दोनदा लिहायची. सुरुंगानंतर दिवू तासभर झोपायची, तो तास तिचा.

तिची मतं जरा वेगळीच असायची. ती सिनेमात आधी बाळ शोधायची. नायिका नायकाला भेटायला धावत सुटली की रीनाच्या मनात येई, पोरगं कोणाजवळ ठेवलं हिने? पाळण्याजवळ खिडकी उघडी आहे. गॅस बंद केला का? एकदा तिने लिहिलं होतं, “संपूर्ण सिनेमात बाळ एकदाही रडलं नाही, एकदाही शी केली नाही. मला तर त्या बाळाचीच काळजी वाटली, त्याला डॉक्टरला दाखवायला हवं होतं.” बाया हसून बेजार झाल्या.

तिला मिळत नव्हतं ते एकच, ग्रुपबाहेर बोलायला माणूस. दिनेश पॅकिंग प्लांटला कंत्राटात होता, एक आठवडा सकाळी, एक दुपारी, एक रात्री. घरी असला की झोपलेला. आईचा, रुखमाबाईचा, फोन लागायचा तो आई रेंजसाठी तलावाच्या बांधावर चढली तरच. आणि तिथे चढायला तिला आठवड्यातून एकदाच फुरसत. दिवूशी रीना गोंडीत, आपल्या माहेरच्या बोलीत, बोलायची. या लाइनीत गोंडी ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि जी ऐकायची तिला अजून बोलता येत नव्हतं.

म्हणून चाची होती. दुपारी चहा घेऊन चाची यायची, रीना फोन स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि दोघी सिनेमा पाहायच्या, दिवूच्या झोपेएवढा आज, उरलेला उद्या.

“ही बाई गरीब हाय म्हणते,” चाची म्हणायची.

“हो ना चाची. नवरा मेला, सावकारानं घर घेतलं.”

“घर घेतलं, पण टेलर चांगला ठेवला. बाही पाह्य ना, जरा बी चुणी नाई. अशी बाही शिवाले मले दोन घंटे लागते. गरिबाच्या ब्लाउजले खांद्यावर खेच असतेच, मोठ्या बहिणीचा असते ना तो.”

“तुमी गोष्ट पाह्यता का कपडे?”

“कपड्यातच गोष्ट असते. तोंडानं कोणी बी खोटं बोलते.”

आणि सिनेमा संपायला दहा मिनिटं उरली की चाची उठायची. दरवेळी. नायक फासावर असो की मांडवात, चाची चप्पल घालायची.

“अवो चाची, शेवट तं पाह्यून जा!”

“शेवट त्याईचा. मी माह्या करतो मशिनीवर बसून. त्याईच्या शेवटात सगळे रडते नाईतं सगळे नाचते. माह्यात कोणी तरी भांडे घासते.”

दुसऱ्या दिवशी ती आपला शेवट सांगायची आणि तो बहुतेक वेळा चांगला असायचा. रीना तो ग्रुपवर लिहायची: “शेजारची चाची म्हणते…” हळूहळू बाया सिनेमाबद्दल विचारेनाशा झाल्या. चाची काय म्हणते, तेवढंच विचारायच्या.

एकदा रीनाने जंगलावरची एक कादंबरी आणली होती, नव्या लेखकाची. तिने चाचीला मोठ्याने वाचून दाखवली. चौथ्या प्रकरणात नायिका भर दुपारी झाडावर चढून मोहाची फुलं तोडते, असं आलं आणि रीनाने पुस्तक मिटलं.

“काय झालं?”

“मोह तोडत नाई चाची. तो पहाटे आपोआप गळते. अंधारात टोपली घेऊन जावं लागते, खालचा वेचाचा. दुपारी जाल तं गाईनं खाल्लेला असते. याने पाह्यलाच नाई कधी.”

“मंग पुढे वाचू नको.”

“वाचतो ना. पण आता विश्वास नाई राह्यला.”

“तेच तं,” चाची दोरा दाताने तोडत म्हणाली, “एक टाका सुटला का समजून जाचं.”

मागच्या डिसेंबरात चाचीला खोकला झाला. दिवू तेव्हा सव्वा वर्षाची, भिंत धरून उभी राहायला लागलेली. तिला महिनाभरापूर्वीच छातीत कफ झाला होता आणि तीन रात्री रीनाने तिच्या बरगड्यांकडे टक लावून काढल्या होत्या. चाची सोमवारी चहा घेऊन आली, दारातच खोकली, आणि रीनाच्या तोंडून निघून गेलं, “चाची, राग नका मानू, पण चारपाच दिवस येऊ नका. खोकला जाऊ द्या.”

चाचीने चहाचं पातेलं उंबऱ्यावर ठेवलं. “बरोबर हाय तुह्यं,” म्हणाली. “लेकरू हाय.” तोंडाला पदर लावून ती गेली. रीनाला वाईट वाटलं, पण पातेलं तिने गरम पाण्याने धुतलं, दोनदा.

मंगळवारी सुरुंगानंतर दोन ठोके आले. रीनाने दोन दिले.

बुधवारी सकाळी चाचीची बादली नळाखाली तशीच होती, अर्धी भरलेली. रीनाने आपली घागर लावायला ती बाजूला सरकवली. थंडी होती, खोकला होता. म्हातारी पडून असेल, तिने धरलं. दुपारी सुरुंग झाला. ठोके यायला जरा उशीर झाला, पण आले. टक… टक. ते नेहमीच्या जागेवरून आले नाहीत, खालून आले. रीनाच्या ते कानात बसलं. ती अशी बाई होती की रात्री फ्रीजचा आवाज बदलला तरी उठून बसे. पण दिवूने त्याच वेळी तोंडात काहीतरी घातलं होतं, बटण की शेंगदाणा ते पाहायचं होतं. शेंगदाणा निघाला. खालून ठोकले म्हणजे चाची खाटेवर बसली असेल. रीनाने बेलण्याने दोन दिले आणि दिवूला झोपवलं.

मग तिने ग्रुपवर लिहिलं. दोन भावांच्या भांडणाचा सिनेमा होता, तिने एकटीने पाहिलेला. खाली लगेच विचारणा आली, चाची काय म्हणते? दोन दिवस चाचीला पाहिलंच नाही, असं लिहायला काय हरकत होती? पण तिने लिहिलं, “चाची म्हणते, मोठ्या भावाची कॉलर पाहा किती कडक आहे. ज्याच्या घरी रोज भांडण असतं त्याच्या शर्टाला इतकी नीट इस्त्री नसते.” चाचीसारखंच जमलं होतं. साठ बायांनी लाल बदाम टाकले. रीना फोनकडे बघून एकटीच हसली.

गुरुवारी दोनला सुरुंग झाला आणि ठोका आला, पुन्हा खालून. रीनाच्या हाताला पीठ होतं. ती बेलणं शोधत होती तोवर पुन्हा एक ठोका आला. मग पुन्हा. तिने वळून पाहिलं तर दिवू भिंतीशी बसली होती आणि तळहाताने भिंतीवर मारत होती. पलीकडून टक. दिवूची थाप. पलीकडून टक. पोरगी खदखदत होती. पलीकडची पट्टी दिवूच्या डोक्याएवढ्या उंचीवर लागत होती. बसलेल्या लेकराच्या डोक्याएवढ्या. खाट त्याहून उंच असते.

रीनाने दिवूला काखेत मारलं आणि तशीच पिठाच्या हातांनी बाहेर धावली. चाचीचं दार आतून बंद. “चाची! अवो चाची!” आतून खोकला आला, मग काहीच नाही. समोर रस्त्यावर लच्छूचा ऑटो उभा असायचा. रीनाने इतक्या जोराने हाक मारली की लच्छू सीटवर झोपला होता तो चप्पल न घालता आला. त्याने खांद्याने दोन धक्के दिले, कडी निघाली.

चाची मशीनजवळ जमिनीवर होती. एक पाय कसातरीच वळलेला. पायाशी साडीचा फॉल गुंडाळला गेलेला, त्यातच अडखळली होती बुधवारी सकाळी. मशीनखालची पाण्याची बाटली रिकामी. हातात लाकडी पट्टी. तिने रीनाकडे पाहिलं, दिवूकडे पाहिलं आणि पदर शोधत हात तोंडाकडे नेला.

“तिले काऊन आणलं आत?” आवाज पार बसला होता. “खोकला लागन ना पोट्टीले.”

“चाची, कालपासून तुमी… मले आवाज काऊन नाई दिला?”

“आवाज कुठी हाय? गेला ना.”

“मंग ठोकाचं होतं! रात्री ठोकाचं होतं!”

“रात्री लेकरू झोपते.” चाचीने डोळे मिटले. “आणि ठोकला तं तू काय समजली असती? दोनच ठोके हाय आपले. बरं हाय म्हणाचे. बरं नाई म्हणाचा ठोका आपण ठरवलाच नाई कधी.”

लच्छूने ऑटोची मागची सीट काढली. शेजारच्या गल्लीतले चार जण आले. चंद्रपूरला नेलं, खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, आत रॉड टाकला. मोहसीन आला, आणि दवाखान्यातून तिला थेट चिमूरला घेऊन गेला. चाची नाही म्हणाली नाही. त्याचंच रीनाला जास्त वाटलं.

त्या दिवसापासून लाइनीत तीन कुलुपं झाली.

दोनचा भोंगा मात्र कोणासाठी थांबणार? सुरुंग झाला की रीनाचा हात बेलण्याकडे जायचा. पहिले काही दिवस तिने दोन ठोके देऊनही पाहिले. रिकाम्या खोलीत ते वेगळेच वाजत, मोठे. मग तिने सोडलं. दिवू सोडेना. ती भिंतीशी बसून थाप मारायची, कान दिल्यासारखी थांबायची आणि आईकडे वळून बघायची, जणू आईनेच काही तरी लपवून ठेवलंय.

दिनेश म्हणाला, “किती दिवस असं तोंड करशीन? तुह्याच्यानं तं वाचली ती.”

“माह्याच्यानं पडून राह्यली तीस घंटे.”

“तू पाडली का?”

“मीच म्हटलं ना येऊ नका म्हणून. बादली मीच सरकवली.”

दिनेशने भाताचा घास तोंडात तसाच ठेवला, मग गिळला. “बादली तं मी बी पाह्यली होती,” म्हणाला. आणि ड्यूटीला गेला. रीनाला वाटलं तो आणखी बसला असता तर बरं झालं असतं. पण शिफ्टची गाडी बरोबर वेळेवर येते.

ग्रुपवर तिने काही लिहिलं नाही. दोन महिने बाया विचारत राहिल्या, रीना कुठे हरवलीस, चाची काय म्हणते. ती कॉलर कडक असलेली ओळ तिला खोडता येईना. वर गेलं की ती दिसायची, तिच्याखाली साठ बदाम. बुधवारचा दिवस, दोन वाजून पन्नास मिनिटं. भिंतीच्या पलीकडे तेव्हा बाटलीत अजून पाणी होतं की संपलं होतं, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

चिमूरला मोहसीनने चाचीला साधा फोन घेऊन दिला होता, त्यावर रीना तिला मात्र रोज फोन करायची. दोन वाजून दहा मिनिटांनी.

“झाला का सुरुंग?”

“झाला चाची.”

“भांडे वाजले?”

“वाजले.”

आधी आधी हे चालायचं. चाची चिमूरच्या वरच्या खोलीतून रस्ता कसा दिसतो ते सांगायची, समोरच्या बाईच्या ड्रेसची फिटिंग कशी बिघडली आहे ते सांगायची. मोहसीन खाली दुकानात, कहकशाँ शाळेत. वॉकर धरून चाची खिडकीपर्यंत जायची. मग बोलणं आखूड होत गेलं. “बरी हाय बेटा.” “जेवली.” “झोपत होती.” चाची उलट विचारेनाशी झाली. रीनाने फेब्रुवारीत दिनेशच्या मागे लागून एका रविवारी जायचं ठरवलं, तर त्याला डबल ड्यूटी लागली. दुसऱ्या रविवारी दिवूला ताप. चंद्रपूरला गाडी बदलून जायचं, अख्खा दिवस जाण्यायेण्यात; तापाचं लेकरू घेऊन कशी जाणार? येत्या रविवारी नक्की, तिने चाचीला सांगितलं होतं. चाची म्हणाली होती, “लेकरू सांभाळ.”

मागच्या आठवड्यात तिने कहकशाँच्या फोनवर एका सिनेमाची लिंक पाठवली. एका म्हाताऱ्या शिंप्याचा सिनेमा होता. चाचीला नक्की बोलावंसं वाटेल असं काहीतरी, म्हणून मुद्दाम शोधला होता.

आज मंगळवार. दोनला भोंगा झाला, सुरुंग झाला. दोन दहाला तिने फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला गेला.

“चाची, पिक्चर पाह्यला का?”

“पाह्यला.”

“कसा वाटला?”

“चांगला हाय.”

“कपडे कसे होते?”

“चांगले होते.”

“किती पाह्यला? कुठून उठल्या?”

“पुरा पाह्यला,” चाची म्हणाली. “शेवटपर्यंत.”

मग लगेच, “ठेवतो बेटा. बरी हाय मी,” आणि फोन बंद.

रीना फोन हातात धरून उभी राहिली. दिवू झोपली होती, तिच्या छातीची हालचाल तिने सवयीने पाहून घेतली. पुन्हा फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. थांबला. मोहसीनला लावला, तो टायर आणायला नागपूरला गेलेला. “भाभी, अभी मेरी बात हुई ना अम्मीसे,” तो म्हणाला. “बरी हाय म्हणाली. तुमी उगाच टेन्शन घेता.” कहकशाँचा फोन बंद, शाळेत परीक्षा, पाचपर्यंत बंदच असतो. दिनेशला उठवलं. तो कूस बदलून म्हणाला, “पिक्चर पुरा पाह्यला तं त्यात काय झालं? म्हाताऱ्या माणसाले कंटाळा येते, पाह्यला असन.”

असेल. रीनाला सगळं असेलच वाटत होतं. खाटेवर बसली असेल, थंडी असेल, खोकला असेल. तिने त्या दिवशीही असेलच धरलं होतं.

दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. तिने ग्रुप उघडला, वर जाऊन ती कडक कॉलरची ओळ एकदा पाहिली आणि लिहायला बसली. घाईत चुका होत होत्या, तिने दुरुस्त केल्या नाहीत. खरं तर बऱ्याच केल्या, सवय जात नाही.

“मैत्रिणींनो, दोन महिन्यांनी लिहिते आहे आणि आज सिनेमा नाही. आधी एक कबूल करते. दोन भावांच्या सिनेमावर चाची म्हणते म्हणून जे मी लिहिलं होतं ते चाची म्हणाली नव्हती, मी बनवलं होतं. मी लिहीत होते तेव्हा ती माझ्या भिंतीपलीकडे हाड मोडून पडली होती आणि मला माहीत नव्हतं. तिने मला आधीच सांगून ठेवलं होतं की ठोका आला म्हणजे माणूस बरं आहे असं समजू नको. मी हसले होते.

आता चाची चिमूरला आहे. बसस्टँडच्या मागे मोहसीनभाईंचं टायरचं दुकान आहे, त्याच्यावरची खोली. जिना बाजूने आहे. पाच वाजेपर्यंत ती घरी एकटी आहे. मी इथे आहे, लेकरू झोपलं आहे, मला पोहोचायला रात्र होईल. आज ती म्हणाली की तिने सिनेमा शेवटपर्यंत पाहिला आणि चांगला आहे. तुम्ही तिला ओळखता. सांगा, ती असं म्हणेल का?

चिमूरची जी कोणी हे वाचत असेल, तिने आत्ता जावं. फोन करू नका, फोनवर ती बरीच असते. खालून हाकही मारू नका. वर जा. दाराआडून ‘बरी हाय’ असा आवाज आला तर परत फिरू नका, आत जा. ती खाटेवर आहे की खाली, ते पाहा. पाणी कुठे ठेवलं आहे, तिच्या हाताला लागतं का, ते पाहा. नुसती उदास होऊन बसली असेल तर तिच्याजवळ थोडा वेळ बसा आणि तुमच्या ब्लाउजच्या बाहीबद्दल तिला विचारा. तिने नावं ठेवली तर मला लगेच कळवा. आणि नावं ठेवली नाहीत, बाही चांगली आहे म्हणाली, तर तिथेच थांबा, उठू नका, आणि मला फोन करा.”